वरूनही तेवढंच दिसतं

बेटावर सुट्टीला आलेली माणसं धक्क्यावर उतरली की थेट समुद्राकडे धाव घ्यायची. पाणी इतकं निळंशार की बघणाऱ्याला वाटावं, बस्स, आता उडीच मारायची. पण उडी मारण्याआधी वाटेत एक टेबल लागायचं, आणि त्या टेबलामागे बाई बसलेल्या असायच्या. बाईंना ओलांडून समुद्रात जाता येत नसे.

पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून लोकांना पाण्याखाली नेणाऱ्या त्या सेंटरात बाईंची एकवीस वर्षं गेली होती. काम एकच. येईल त्याच्याकडून तब्येतीचा फॉर्म भरून घ्यायचा. बावीस प्रश्न. दमा आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. प्रत्येक प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. बावीसच्या बावीस 'नाही' असतील तर माणूस पाण्यात. एक जरी 'हो' आला तर डॉक्टरचा दाखला आणायचा, आणि दाखला नसेल तर किनाऱ्यावर बसून बोटीतल्या मंडळींना हात हलवून टाटा करायचा.

आता दूरवरून, रजा जमवून, बायकापोरं घेऊन आलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय असतं ते ज्यानं सांगितलंय त्यालाच ठाऊक. लोक हातापाया पडायचे, ओळखी सांगायचे, आवाज चढवायचे. बाई ढिम्म. एकानं 'हो'वर टिक केलेला फॉर्म टराटरा फाडला आणि म्हणाला, "दुसरा द्या, आता बरा झालो." त्या दिवसापासून बाईंनी फॉर्मवर नंबर छापून घेतले. एका माणसाला एक नंबर, फाडाफाडी नाही. टेबलासमोर पूर्वी एक खुर्ची असायची. लोक त्या खुर्चीत बसकण मारून तासतासभर वाद घालत म्हणून बाईंनी तीही उचलून मागच्या खोलीत टाकली. उभा माणूस लवकर कंटाळतो, असं त्यांचं म्हणणं. गाईड लोकांनी त्यांचं नाव 'जकातनाका' ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

आणि खरं सांगायचं तर बाई चुकत नव्हत्या. एकवीस वर्षांत त्या सेंटरातून खाली गेलेला माणूस वर आलाच नाही असं एकदाही झालं नव्हतं. पण जे घडलं नाही त्याचं कौतुक कोण करणार? सगळे बाईंना पाण्यात बघायचे आणि गाईडला मिठ्या मारायचे.

संध्याकाळी बोटी परतल्या की बाईंचं दुसरं काम सुरू व्हायचं. दारापाशी एक काळा फळा होता. त्याच्या माथ्यावर रंगानं लिहिलेलं, 'आज काय दिसलं'. ओलीचिंब माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत आत शिरायची आणि बाई खडूनं लिहून घ्यायच्या. पाकट दोन. समुद्रघोडा एक. खडकातली वाम, तोंड उघडं. ऐकून ऐकून बाईंना तळाचा सगळा पत्ता पाठ झाला होता. कुठल्या भोकात कुठली वाम राहते, कुठल्या खडकावर पोपटमासे चरतात, सगळं. उंच, किडकिडीत असा जो मुख्य गाईड होता, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, त्यानं एकदा एका माशाचं नाव सांगितलं तर बाई खडू थांबवून म्हणाल्या, "या दिवसांत तो तिकडे कशाला येईल? उद्या नीट बघ." दुसऱ्या दिवशी लंबूनं नीट बघितलं. मासा दुसराच निघाला.

फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द होता 'म्हातारी'. म्हातारी म्हणजे एक कासवीण. पंचेचाळीस फूट खाली, प्रवाळाच्या एका छपराखाली ती बसलेली असायची. कवचाचा डावीकडचा काठ तुटलेला. लंबू सांगायचा, ती माणसाला बघून पळत नाही, उलट मान वळवून बघते, 'आलात का' असं विचारल्यासारखी. बाईंनी तो शब्द किती हजार वेळा लिहिला असेल देव जाणे. म्हातारीला त्यांनी कधी बघितलं मात्र नव्हतं.

का नाही बघितलं? आधी नवरा गेला आणि मुलगा लहान, त्यातच ही नोकरी. मग सुट्ट्यांचे दिवस आले की टेबलावरून मान वर काढायला फुरसत नाही, आणि सुट्ट्या संपल्या की समुद्र खवळलेला, बोटी बंद. शिवाय आपण काय, इथलेच, कधीही जाऊ. असं 'कधीही' म्हणता म्हणता मुलगा मोठा होऊन त्याच सेंटरची बोट चालवायला लागला, त्याचं लग्न झालं, घरात सून आली. बाई टेबलामागेच.

त्या शनिवारी बाईंना साठ वर्षं पूर्ण होणार होती. त्याच दिवशी निवृत्ती. आणि भिंतीवर, बाईंनी स्वतःच लाल अक्षरांत लिहून डकवलेला एक नियम होता. साठी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदा पाण्याखाली नेलं जाणार नाही. विमावाल्यांची अट होती ती. ती पाळताना बाईंनी कितीतरी आजी-आजोबांची तोंडं पाडली होती.

सेंटरच्या मालकाला याची आठवण होती. भला माणूस, जरा जास्तच भला. सोमवारी सकाळी तो म्हणाला, "बाई, शुक्रवारी तुम्ही खाली जायचं. माझ्याकडून निरोपाची भेट. लंबू स्वतः हात धरून नेईल."

बाई उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि तिथे उगाचच फायली सरळ करत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. लंबूनं विचारलं तर धूळ फार आहे म्हणाल्या.

मग त्यांनी गठ्ठ्यातला वरचा फॉर्म घेतला आणि दुसऱ्या कुणाचा भरावा तसा भरायला घेतला. एकोणिसाव्या प्रश्नावर पेन थांबलं. रक्तदाबाची गोळी. आठ महिन्यांपासून चालू होती. सेंटरात कुणाला माहीत नव्हतं. घरी सुनेला माहीत होतं, कारण सकाळच्या चहाबरोबर गोळी तीच आणून ठेवायची.

लंबू मागून वाकून बघत होता. "बाई, 'नाही' करून टाका की. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या आणि 'हो'च्या चौकोनात ठसठशीत टिक केली.

आता दाखला आणणं आलं. डॉक्टर दर मंगळवारी पलीकडच्या गावातून बेटावर यायचे. म्हटलं तर फक्त एका दिवसाचा प्रश्न होता. मंगळवारी बाई दवाखान्याच्या पायरीवर पहिल्या नंबरानं बसल्या. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता कंपाउंडरनं दारावर कागद चिकटवला. डॉक्टर आज येणार नाहीत. बाईंनी विचारलं, कधी येतील? तो म्हणाला, "पुढच्या मंगळवारी." जसं काही पुढचा मंगळवार म्हणजे हातभर अंतरावर.

बुधवारी बाई स्वतः फेरीबोटीनं पलीकडे गेल्या. दीड तासाचा प्रवास. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकं भरलेली, पंखा बंद, आणि आपल्यानंतर आलेली माणसं आपल्याआधी आत जाताहेत. दर वेळी कुणीतरी म्हणे, "मला फक्त रिपोर्ट दाखवायचाय," आणि घुसे. स्वतःच्या टेबलावर असतं तर बाईंनी एकेकाला सरळ केलं असतं. इथे त्या फक्त पर्सचा बंद पिळत बसल्या. अडीच तासांनी नंबर आला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला.

"तुम्ही रागावला आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बाहेरचं बाक गप्प झालं.

"एकशे बहात्तर. असा दाखला नाही देता येणार. घरी जा, शांत झोपा, उद्या या."

शांत झोपा! ज्याच्या हातात कागद आहे तो किती सहज सांगतो. बाई परतीच्या बोटीत बसल्या आणि आठवलं की हेच आपण टेबलासमोर उभ्या असलेल्या एका बाईला सांगितलं होतं. चिडू नका, जरा शांत बसा, म्हणजे आकडा उतरेल. ती बाई शांत बसली नव्हती. बाईंना आज तिचं सगळं म्हणणं पटलं, पण आता तिला कुठे शोधणार.

गुरुवारी पुन्हा तीच बोट, तेच बाक. या वेळी बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, म्हणजे कोण पुढे घुसतंय ते दिसायलाच नको. डोळे मिटून त्यांनी म्हातारीचा पत्ता मनात घोकला. दोरी धरून खाली, डावीकडे मोठा खडक, खडकाला वळसा, मग छप्पर. आकडा एकशे बत्तीस आला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, आता काही हरकत नाही, आणि उभ्या उभ्याच दोन ओळी खरडून शिक्का मारला. कारण त्यांनाही कुठेतरी निघायचं होतं. तेवढ्यात धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. ही चुकली तर पुढची संध्याकाळी. बाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये कोंबली आणि साडी सावरत धावत सुटल्या.

एकवीस वर्षांत हातात आलेला प्रत्येक कागद ज्या बाईनं वेलांटीसकट वाचला, तिनं आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद न वाचता पर्समध्ये टाकला. असं होतं. नेमकं तिथेच होतं.

शुक्रवार उजाडला. टेबलामागे सून बसली होती. गेले तीन आठवडे बाई तिला काम शिकवत होत्या, आणि आजपासून टेबल तिच्या ताब्यात होतं. पोरगी मनानं मऊ. कुणाला 'नाही' म्हणायचं तर आधी तिचेच डोळे भरून यायचे. बाई वैतागायच्या. "तुझं तोंड बघूनच माणसं रडायला लागतील. तोंड सरळ ठेव. मालकाचा बाप आला तरी नियम तोच. आणि टेबलावर मला आई म्हणायचं नाही. इथे मी बाई."

एकदा सुनेनं विचारलं होतं, "पण आई, नाही म्हटल्यावर त्यांना पुढे काय सांगायचं? कसंतरीच होतं हो."

"सांगायचं, वरूनही तेवढंच दिसतं. मास्क लावा, जाकीट घाला, पाण्यावर पालथं पडून बघा. त्याला ना फॉर्म लागत, ना दाखला."

"खरंच तेवढंच दिसतं?"

"मग! एकवीस वर्षं सांगतेय मी."

सांगत तर होत्याच. आणि त्यावर बाईंकडे पुरावाही होता. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त पोस्टमन आले होते. एकटेच. खिशात माशांच्या नावांची यादी, टपालावरच्या पत्त्यासारख्या सुबक अक्षरात. हृदयाच्या गोळीचा 'हो' होता, बरोबर दाखलाही होता, पण दाखल्यावर लिहिलेलं, 'पोहण्यास हरकत नाही.' बाईंनी तो परत केला. पोहणं वेगळं, पाण्याखाली उतरणं वेगळं. तसे शब्द पाहिजेत. पोस्टमन वाद घालत बसले नाहीत. वरून बघून आले. बाईंनी विचारलं, "दिसलं ना?" ते म्हणाले, "हो हो, दिसलं की." मग बूट घालायला बसावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, बसायला काही नव्हतं, तेव्हा एक हात भिंतीला टेकवून त्यांनी उभ्यानंच नाड्या बांधल्या. यादी टेबलावरच राहिली. बाईंनी ती पुढे बरेच दिवस सांभाळून ठेवली होती, पत्ता नव्हता म्हणून पाठवता आली नाही.

तर शुक्रवारी सकाळी बाई टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. लंबू त्यांच्या मापाचा रबरी पोशाख खांद्यावर टाकून तयार. मालक कॅमेरा घेऊन आलेला. बाहेर धक्क्याला बोट लागलेली आणि सुकाणूवर बाईंचा मुलगा, आज आई बोटीत बसणार म्हणून सकाळपासून बोट धूत होता. बाईंनी पर्समधून दाखला काढून टेबलावर ठेवला आणि हसू दाबत म्हणाल्या, "घ्या. तपासा."

सुनेनं फॉर्म बघितला. नंबर ताडून बघितला. दाखल्याची घडी उलगडली. वाचला. पुन्हा वाचला. तिच्या मानेवरून लाली वर चढायला लागली.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

सुनेनं कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. बोट एका ओळीवर. 'पोहण्यास हरकत नाही.'

बाईंनी ती ओळ वाचली. खाली सही, शिक्का, तारीख, सगळं व्यवस्थित. फक्त शब्द ते नव्हते.

"अहो, डॉक्टरला माहीत होतं कशासाठी हवाय ते," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं त्यांना!" आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हे वाक्य आपण टेबलाच्या त्या बाजूनं शेकडो वेळा ऐकलंय. अगदी याच चालीवर.

सुनेनं फोन लावला. कंपाउंडरनं उचलला. डॉक्टर बाहेरगावी, फोन बंद, सोमवारी भेटतील. सोमवारी! सोमवारी बाई साठ वर्षं दोन दिवसांच्या होणार होत्या.

"अगं, सोड ना," मालक हसत म्हणाला. "बाईंसाठी कसला नियम? घरचंच माणूस. जा बाई, चढा बोटीत."

लंबूनं पोशाख पुढे केला. बाईंचा हात अर्धा उचलला गेला. खोटं कशाला सांगायचं, गेला उचलला. पंचेचाळीस फुटांवर म्हातारी बसली होती, मान वळवून. दोरी धरून खाली, डावीकडे खडक. आणि मधे होतं काय, तर एका धांदरट डॉक्टरनं उभ्या उभ्या खरडलेला एक शब्द.

सून उठून उभी राहिली. चिमुकला जीव. डोळे काठोकाठ भरलेले. पण तोंड सरळ ठेवलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "हा दाखला चालणार नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपर्यंत जिला स्टेपल कसं मारायचं ते शिकवलं, ती आज मला सांगते! आठ महिने माझी गोळी हिच्या हातची, हिला ठाऊक नाही मी धडधाकट आहे ते? एक शब्द मालकाकडे बघून बोलला असता तर काम झालं असतं. मालक वाटच बघत होता. आणि एकदा का असं झालं, की उद्यापासून या टेबलावर या पोरीचं कोण ऐकणार? 'सासूला सोडलंस ना, मग मला का नाही?' हे विचारायला पहिला माणूस उद्या सकाळी नऊलाच हजर झाला असता.

"ती बरोबर बोलतेय," बाई म्हणाल्या. दात इतके आवळले होते की शब्द जेमतेम बाहेर आले. "नाही जाता येणार."

मालकानं कॅमेरा खाली घेतला. लंबू पोशाखाची उगाचच घडी घालत बसला. बसावं म्हणून बाईंनी सवयीनं मागे बघितलं. मागे भिंत होती. त्यांची खुर्ची एकवीस वर्षांपासून टेबलाच्या त्या बाजूला, आणि आज तिच्यावर सून. बाई उभ्याच राहिल्या.

सुनेला ते सहन होईना. तिनं घाईघाईनं, शिकवलेलं होतं तसंच, सांगितलं, "मास्क लावून पाण्यावरून बघा ना. वरूनही तेवढंच दिसतं."

समोरचं स्टेपलर उचलून भिरकावून द्यावं असं बाईंना वाटलं. पण भिरकावणार कुणावर? वाक्य त्यांचंच होतं.

त्या बोटीत चढल्या. नाही म्हणून घरी गेल्या असत्या तर पोरगी दिवसभर रडत बसली असती, आणि पहिल्याच दिवशी टेबलावर रडणारी बाई कुणालाच नको होती. मुलानं इंजिन चालू केलं. सगळं त्याच्या कानावर आलं होतं. आईच्या जाकिटाचे बंद त्यानं स्वतः आवळले. बरोबर आठ सुट्टीवाले होते, बावीसच्या बावीस 'नाही'वाले. नांगर पडला. लंबू आणि आठ जण एकामागोमाग पाठीवर कलंडून पाण्यात पडले, एकमेकांना अंगठा उलटा करून खूण केली आणि दिसेनासे झाले.

बाई शिडीवरून उतरल्या, तोंडात नळी धरली आणि पाण्यावर पालथ्या झाल्या.

आधी नुसताच निळा रंग. मग त्यात तरंगणारे बारीक बारीक कण, पीठ चाळताना उडावेत तसे. स्वतःच्या श्वासाचा घोरल्यासारखा आवाज. बाई डोळे ताणून बघत होत्या. खाली, खूप खाली, काहीतरी काळपट होतं. तो खडक असेल. की छप्पर? की नुसती सावली? माणसं दिसत नव्हती. त्यांचे बुडबुडे मात्र वर येत होते, एका जागेहून, मग दुसऱ्या जागेहून, आणि बाईंच्या काचेवर येऊन फुटत होते. बाईंनी मनातला पत्ता लावून बघितला. दोरी दिसत होती, पंधरा हात. पुढे दोरीसुद्धा निळ्यात विरघळून गेली होती. एक लहानसा पट्ट्यापट्ट्यांचा मासा तेवढा जवळून गेला. तो धक्क्याखालीही असतो.

बऱ्याच वेळानं खालून एक आकृती वर येताना दिसली. लंबू. बाई दिसतील एवढ्या अंतरावर येऊन तो थांबला. मग त्यानं एका पंजावर दुसरा पंजा पालथा ठेवला आणि दोन्ही अंगठे वल्ह्यासारखे हलवले. सेंटरच्या भिंतीवर सगळ्या खुणांचा तक्ता होता, बाईंनीच लावलेला. ही कासवाची खूण. लंबूनं खाली बोट दाखवलं, पुन्हा खूण केली, पुन्हा बोट दाखवलं. बाईंनी बघितलं. निळं, त्याखाली गडद निळं. लंबू हात जोडल्यासारखं करून खाली गेला.

एकवीस वर्षं फळ्यावर कासव लिहिलं, आणि शेवटी बघायला मिळाली ती कासवाची खूण. बाईंना मास्कच्या आत रडू आलं. मास्कच्या आत रडलं की नाकात पाणी जमतं आणि पुसता येत नाही, हीसुद्धा एक नवीन माहिती. त्यांनी डोकं वर काढलं, खोकल्या, आणि मुलाला म्हणाल्या, "घे वर."

आठही जण वर आले ते ओरडतच. "म्हातारी होती! आमच्याकडे बघत होती!" एका मुलीनं बाईंना विचारलं, "काकू, तुम्हाला दिसली का?" बाई म्हणाल्या, "टॉवेल घे, गारठशील."

बोट धक्क्याला लागली तेव्हा सून टेबल सोडून दारापर्यंत आली होती. डोळे सुजलेले. बाईंचा टॉवेल तिनं उन्हात गरम करून ठेवला होता. तिनं तो पुढे केला आणि अगदी हळू विचारलं, "दिसलं ना, आई?"

बाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. हो हो, दिसलं की. आणि ते ओठांवर यायच्या आधी त्यांना भिंतीला हात टेकवून नाड्या बांधणारा माणूस दिसला. त्याला काहीच दिसलं नव्हतं. त्यानं बाईंचं मन राखलं होतं, एवढंच. आणि त्याच्या त्या शब्दावर विसंबून बाईंनी पुढच्या कितीतरी माणसांना तेच सांगितलं होतं, मोठ्या खात्रीनं.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही दिसलं नाही."

सुनेचा चेहरा पडला. "माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काही नाही. दाखला परत केलास ते बरोबर केलंस. उद्या कुणीही असा दाखला आणला तरी असाच परत कर." बाईंनी टॉवेल डोक्याला गुंडाळला. आवाज अजून रागातच होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "पण ते वाक्य पुन्हा कुणाला सांगू नकोस. वरून तेवढं नाही दिसत."

"मग काय सांगू त्यांना?"

बाई मागच्या खोलीत गेल्या. आतून सामान सरकवल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, बाई कुणाला तरी शिवी दिल्यासारखं पुटपुटल्या. मग त्या टेबलासमोरची ती जुनी खुर्ची ओढत बाहेर आल्या. एक हात मोडका, वर धुळीचा थर. डोक्याचा टॉवेल सोडून त्यांनी ती पुसली आणि टेबलासमोर, माणसं उभी राहायची त्या जागी, ठेवली.

"आधी बसायला सांग," त्या म्हणाल्या, आणि चपला घालायला स्वतःच त्या खुर्चीत बसल्या.